गाण्याचं काम आणि कामाचे दाम

(रेणापूर येथे संगीत शिकणाऱ्या मुली, भजनी मंडळांतल्या स्त्रिया आणि तालुक्यातल्या कार्यकर्त्या यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर.)



आधीच सांगते, मी गायिका नाही. शाळेत असताना प्रवेशिकेपर्यंतच्या परीक्षा दिल्या, पुढे ते सुटलं. मी समाजकार्यात एम.एस.डब्ल्यू. केलं आणि तेच काम करते आहे. त्यामुळे यमन कसा मांडावा, तान कशी घ्यावी, हे सांगायला मी इथं उभी नाही. ते सांगणाऱ्या बाई समोरच बसल्या आहेत. मी बोलणार आहे ते गाण्याच्या कामाबद्दल. काम म्हटलं की वेळ आला, कष्ट आले आणि पैसाही आला. गाण्याच्या संदर्भात पैशाचं नाव काढलं की आपल्याकडे माणसं जरा अवघडतात. तुम्हीही अवघडाल, पण ऐकून घ्या.

बचत गटाचे अर्ज भरून घेताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. अर्जात 'व्यवसाय' असा रकाना असतो. शिवणकाम करणारी बाई 'शिवणकाम' लिहिते, शेळ्या असतील तर 'शेळीपालन' लिहिते. पण रोज संध्याकाळी दहा-बारा मुलांना पेटीवर सरगम शिकवणारी, विशारद झालेली बाई त्या रकान्यात 'घरकाम' लिहिते. मी विचारलं, "ताई, तुम्ही क्लास घेता ना?" तर म्हणाल्या, "ते काय, हौस आहे आपली. लेकरं येतेत, बसतेत." फी विचारली, तर म्हणाल्या, ज्याला जे जमेल ते देतात, कुणी देतही नाही. विशारद व्हायला या बाईंनी सात-आठ वर्षं घातली. गंधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक, दोन प्रवेशिका, दोन मध्यमा, मग विशारदचे दोन भाग अशी ती चढण आहे. एवढी वर्षं बी.एड.ला किंवा नर्सिंगला घातली असती, तर त्याला कुणी हौस म्हटलं असतं का?

हौस हा शब्द मोठा फसवा आहे. बाईच्या कष्टाला जेव्हा दाम द्यायचे नसतात, तेव्हा समाज त्याला कधी माया म्हणतो, कधी सेवा म्हणतो, कधी हौस. स्वयंपाकाचं तेच, बाळंतपणं काढण्याचं तेच, आणि गाण्याचंही तेच. त्याच गावात सप्ताहाला येणारे बुवा आधी बिदागी ठरवतात. ते हौस म्हणून गात नाहीत, आणि त्यात गैर काहीच नाही.

आता दुसरी अडचण पाहू. शास्त्रीय गाणाऱ्या मुलीच्या डोक्यात लहानपणापासून एकच चित्र भरवलेलं असतं. मोठा मंच, दोन तानपुरे, समोर जाणकार श्रोते. ते साधलं तर ती गायिका. नाही साधलं तर लग्नाच्या बायोडाटात 'गायनाची आवड' अशी एक ओळ. मधे काहीच नाही. रेणापूरच्या मुलीला पुण्याचा सवाई गंधर्वचा मंच मिळणं किती अवघड आहे, हे मी सांगायला नको. पुण्याच्या मुलींनाही तो सहजी मिळत नाही. मग आठ वर्षं शिकलेलं गाणं जातं कुठं?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला आपल्याला फार लांब जायला नको. ज्या थोर गायिकांचे फोटो क्लासच्या भिंतीवर लावलेले असतात, त्या कशा जगल्या एवढं नीट पाहिलं तरी पुरे. नुसत्या मैफलीवर त्यांतल्या फार थोड्या जगल्या.

सन १९०२ मध्ये कलकत्त्यात आपल्याकडच्या गाण्याची पहिली ध्वनिमुद्रणं झाली. त्या यंत्रापुढे गायला पुष्कळ नामांकित उस्ताद तयार नव्हते. कुणाला वाटे आवाज जाईल, कुणाला वाटे विद्या चोरीला जाईल. गायल्या त्या बायका. गौहरजान हे त्यातलं सर्वांत मोठं नाव. तबकडीच्या शेवटी ती स्वतःचं नाव मोठ्यानं सांगायची. यंत्र नवीन होतं, त्याला बायकांनी भ्यायला हवं होतं, पण त्यांनी ते आपलंसं केलं. याचं कारण उघड आहे. ज्यांना दरबारात बसायला गादी नव्हती, त्यांना नव्या दारातून आत जाण्यात गमावण्यासारखं कमी होतं.

मग हिराबाई बडोदेकर. जन्म १९०५, मिरजेचा. आई ताराबाई माने, वडील अब्दुल करीम खाँ. १९२० नंतरच्या काळात ताराबाई पाच मुलांना घेऊन खाँसाहेबांपासून वेगळ्या झाल्या. आजच्या आपल्या भाषेत सांगायचं तर एका परित्यक्ता नव्हे, स्वतः बाहेर पडलेल्या आईचं हे घर. उत्पन्नाचं साधन एकच, गळा. या घराने काय काय केलं पाहा. पुण्यात नूतन संगीत विद्यालय काढलं. त्याची नाटकशाखा काढली, त्यात हिराबाई स्वतः रंगभूमीवर उभ्या राहिल्या. त्या काळी बाईची भूमिका बहुतेक ठिकाणी पुरुषच करत होते हे लक्षात घ्या. नाटक कंपनी तोट्यात गेली आणि कर्ज झालं. ते फेडलं हिराबाईंच्या गाण्याने. त्यांनी तबकड्या दिल्या, 'प्रतिभा'सारख्या चित्रपटांत काम केलं, गावोगाव मैफली केल्या. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे तिकीट लावून जाहीर मैफल करणारी पहिली गायिका असा त्यांचा लौकिक आहे.

या तिकिटाबद्दल मला थोडं थांबून बोलायचं आहे. तिकीट म्हणजे नुसता पैसा नव्हे. त्याआधी बाईचं गाणं ऐकायचं तर कुणा श्रीमंताच्या दिवाणखान्यात. तो बोलावणार, तो बिदागी ठरवणार, आणि गाण्याबरोबर आणखी कशाची अपेक्षा ठेवायची हेही तोच ठरवणार. तिकीट आलं आणि ऐकणारा गिऱ्हाईक न राहता श्रोता झाला. चार आणे देणाऱ्या शाळामास्तरला आणि त्याच्या बायकोला त्या दिवाणखान्यात कधी जागा नव्हती, ती थिएटरात मिळाली. हिराबाई नऊवारी नेसून, दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन, हातवारे न करता बसत. काहीजणी म्हणतील, हा पुरुषी नीतीला शरण जाण्याचाच प्रकार झाला. मला तसं वाटत नाही. त्यांना काम करायचं होतं, आणि कामाच्या जागी अंगावरच्या नजरा दूर ठेवायचा त्यांच्या हातातला तो उपाय होता. पुढे हिराबाई आणि त्यांची धाकटी बहीण सरस्वतीबाई राणे यांनी दोघींनी मिळून जुगलबंदीही रुजवली. बायकांची जुगलबंदी हीसुद्धा नवीच गोष्ट. सरस्वतीबाई चित्रपटातही गायल्या. 'रामराज्य' १९४३ चा, त्यातलं त्यांचं गाणं घराघरांत गेलं होतं. एका घरातल्या दोन बहिणींनी किती दारं उघडली, मोजा.

मोगूबाई कुर्डीकरांची गोष्ट जास्त कष्टाची आहे. गोव्यातल्या कुर्डी गावी १९०४ साली जन्म. आईने चंद्रेश्वर भूतनाथ संगीत मंडळीत घातलं. १९१४ मध्ये आई गेली. पोरक्या मुलीला पुढे आधार मिळाला तो सातारकर स्त्री संगीत मंडळीचा. नाव लक्षात घ्या, स्त्री संगीत मंडळी. फक्त बायकांची नाटक कंपनी. आज कुणी बायकांचा असा संच काढला की आपण त्याला प्रयोग म्हणतो, तेव्हा ते पोटापाण्याचं साधन होतं. सांगलीत अल्लादिया खाँसाहेबांनी मोगूबाईंचं गाणं ऐकलं आणि शिकवायला घेतलं, हे पुढचं सगळ्यांना माहीत आहे. मुंबईत त्यांनी मुलं वाढवली ती गाऊन आणि शिकवून. पद्मा तळवलकर, कौसल्या मंजेश्वर, कमल तांबे त्यांच्याकडे शिकल्या, आणि अर्थातच लेक किशोरी आमोणकर. किशोरीताई मुलाखतींतून सांगत की आईला कार्यक्रमाला बोलावणारे तिसऱ्या वर्गाने नेत, बिदागी तुटपुंजी देत, कुणाच्या तरी घरी उतरवत. पुढे किशोरीताईंच्या अटींबद्दल, ताठरपणाबद्दल पुष्कळ लिहून आलं. या लिहिणाऱ्यांनी तिसऱ्या वर्गाच्या डब्यातली आई कधी पाहिली नाही.

यात जात आहे, हेही बोललं पाहिजे. या गायिकांपैकी कितीतरी जणी कलावंत, देवदासी म्हणवल्या गेलेल्या घरांतल्या. गंगूबाई हनगल तिकडे हुबळीच्या. १९२४ च्या बेळगाव काँग्रेसमध्ये गांधीजींसमोर स्वागतगीत गायला उभ्या राहिलेल्या त्या अकरा-बारा वर्षांच्या मुलीला धाक होता तो सुरांचा नव्हता. आपल्याला खालच्या जातीची म्हणून उष्टी काढायला तर सांगणार नाहीत ना, हा होता. हे त्यांनीच नंतर सांगितलं आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास आकाशवाणीने काय केलं? ज्यांचं खासगी आयुष्य 'बदनाम' आहे अशांना माइकपुढे येऊ द्यायचं नाही असं धोरण घेतलं. बदनाम कोण, तर अर्थात बायका. त्यांच्या दिवाणखान्यात जाऊन बसणाऱ्यांची चौकशी कुणी केली नाही. गाणं हवं होतं, गाणारी नको होती. आपल्या रेणुकामातेच्या दारात नवरात्रात गाणाऱ्या जोगतिणी, आराधी बायका आठवा. देवीसमोर गातात तोवर पाया पडतात, त्याच बाईने उद्या बिदागी मागितली की नावं ठेवतात. महाराष्ट्रात देवदासी प्रथा निर्मूलनाचा कायदा २००५ साली झाला, पण 'गाणारी बाई' या शब्दांना चिकटलेला वास काही कायद्याने जात नाही. आमच्या एका गटातल्या मुलीला सासू म्हणाली, "गाणं शिकलीस ते शिकलीस, लोकात पैसे घेऊन गाऊ नको." फुकट गायलं तर घराची अब्रू राहते, पैसे घेतले की जाते. यामागचं गणित तुम्हीच मांडा.

फक्त मैफलीचाच आग्रह धरणाऱ्याही झाल्या. केसरबाई केरकर. तबकड्यांचा सोस नाही, शिष्यांचा गोतावळा नाही. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर पृथ्वीवरचे आवाज पाठवले, त्यात हिंदुस्थानी संगीत म्हणून केसरबाईंचीच भैरवी गेली, आणि त्याच सप्टेंबरात त्या वारल्या. त्यांच्या गाण्याला तोड नाही. पण तसं राहायला तसा गळा लागतो आणि तसे आश्रयदातेही लागतात. सगळ्यांनी केसरबाई व्हावं असा सल्ला देणारे आश्रय द्यायला येत नाहीत.

आपल्याला जवळचं उदाहरण म्हणजे प्रभा अत्रे. १३ जानेवारी २०२४ ला त्या गेल्या तेव्हा वर्तमानपत्रांनी 'स्वरयोगिनी' म्हणून रकाने भरले. मला योगिनीपेक्षा त्यांचा कामाचा पसारा जास्त महत्त्वाचा वाटतो. विज्ञानाची पदवी, कायद्याची पदवी, मग सरगमवर संशोधन करून डॉक्टरेट. सुरुवातीला संगीत नाटकांतून भूमिका. आकाशवाणीवर निर्मितीची नोकरी. मुंबईत एस.एन.डी.टी. विद्यापीठात संगीत विभागाच्या प्रमुख. स्वतः बंदिशी बांधल्या, स्वतःच्या रचना स्वतः गायल्या. 'स्वरमयी'सारखी पुस्तकं लिहिली, आणि २०१६ मध्ये, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, एकाच मंचावर संगीतावरची अकरा पुस्तकं प्रकाशित केली. पुण्यात गुरुकुल काढलं. यातलं कुठलं काम गाण्याबाहेरचं आहे? एकही नाही. आणि यातलं एकही काम मैफल नाही. मैफली त्यांनी केल्याच, पण मैफल नसलेल्या महिन्यात त्यांना कुणाकडे हात पसरावा लागला नाही.

आणखी पाहा. माणिक वर्मा ख्याल, ठुमरी गात, भावगीतं गात आणि १९५५ साली पुणे आकाशवाणीवर सुरू झालेल्या गीतरामायणातही गायल्या. अश्विनी भिडे-देशपांडे सूक्ष्मजीवशास्त्र शिकल्या, जीवरसायनात डॉक्टरेट केली, आणि आपल्या बंदिशींचं 'रागरचनांजली' पुस्तक काढलं. आरती अंकलीकर-टिकेकर 'सरदारी बेगम'मध्ये गायल्या. 'अंतर्नाद' आणि 'संहिता' या चित्रपटांतल्या गाण्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. किशोरीताईंनी १९९० साली 'दृष्टी' चित्रपटाला संगीत दिलं. तबलावादक अनुराधा पाल यांनी १९९६ मध्ये 'स्त्री शक्ती' नावाचा फक्त बायकांचा वाद्यवृंद उभा केला. यांतल्या कुणाचंही शास्त्रीय गाणं त्यामुळे बाटलं नाही. 'इकडचं तिकडचं करून गळा खराब होतो' असं सांगणारे गुरुजी आपल्याकडेही आहेत. त्यांना नम्रपणे विचारावं, बुवा, तुमचं घर कशावर चालतं? बहुतेकांचं उत्तर 'शाळेतली नोकरी' असंच येईल.

ठीक आहे, ही मोठी नावं. मुंबई-पुणे. आता रेणापुरात या.

इथं काय आहे याची यादी करत मी गेले काही महिने हिंडले. पहिली गोष्ट, क्लास. गंधर्वच्या परीक्षांना बसणारी मुलं आता खेड्यांतूनही वाढली आहेत. शास्त्रीय कलेच्या परीक्षा दिलेल्या मुलांना दहावीला वाढीव गुण मिळतात, त्यामुळे पालक स्वतःहून विचारत येतात. हे गुणांसाठीचं शिकणं खरं शिकणं नव्हे, अशी तक्रार मी ऐकते. असेल. पण गुणांसाठी आलेल्या वीसांतली दोन मुलं गाण्यासाठी थांबतात, आणि वीसांची फी मात्र शिकवणारीच्या हाती येते. फी ठरवा. ती लिहून दाराला लावा. पाच तारखेच्या आत घ्या. गरिबाच्या लेकराला सवलत द्यायची तर ती तुम्ही ठरवून द्या, 'जमेल ते द्या' म्हणू नका. 'जमेल ते' म्हटलं की ज्याला जमतं तोही देत नाही.

शाळांचं पाहा. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला शंभरावर पट असेल तर कला शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक धरलेला आहे. आपल्याकडे कला म्हणजे चित्रकला असंच धरून चालतात. संगीत ही कला नाही असं कायदा म्हणत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत आता निम्म्या बायका असतात. त्या समितीत हा विषय कुणी काढला आहे का? मी विचारलं तिथं तरी नाही. इथल्या कार्यकर्त्यांनी हे काम हाती घ्यावं, ते गाणाऱ्यांवर सोडू नये.

आणि मला सर्वांत जास्त बोलायचं आहे ते सप्ताहाबद्दल. आपल्या भागात गावागावांत अखंड हरिनाम सप्ताह होतो. पहाटे काकडा, मग पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन. या सगळ्यात गाण्याचं केवढं काम आहे! कीर्तनात मागे टाळकरी उभे असतात, त्यांत गायनाचार्य असतो, मृदंगाचार्य असतो, पेटीवाला असतो. चाल कोणत्या रागात उचलायची, कीर्तनकाराचा दम सुटला की अभंग कुठून धरायचा, हे सगळं गायनाचार्याच्या हाती. हे शास्त्रीय गाणंच आहे, फक्त उभ्याने आहे. आळंदीला जोग महाराजांनी १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था काढली आणि या कामाला शिस्त आली. पण गावच्या सप्ताहात मागे उभे राहिलेले चेहरे आठवा. सगळे पुरुष. कीर्तनकार बायका आता पुष्कळ झाल्या, त्यांना मागणी आहे, त्यांचे फलक लागतात. पण त्या बाईच्या मागे साथीला कोण? पुन्हा दहा पुरुष. मुक्ताई, जनाबाई, कान्होपात्रा, बहिणाबाई यांचे अभंग गायचे आणि गायनाचार्य म्हणून बाई चालत नाही, हे कुठल्या ग्रंथात लिहिलं आहे?

इथं बसलेल्या विशारद झालेल्या तिघी-चौघींनी मिळून संच केला, एक गायला, एक पेटीला, एक पखवाजाला, तर महिला कीर्तनकारांना तो हवाच आहे. रात्रीच्या प्रवासात सोबत बायका असणं त्यांच्याही सोयीचं. पखवाज वाजवणारी मिळत नाही म्हणाल, तर एका मुलीला शिकायला पाठवा. साथीचं काम बायका कमी करतात, म्हणूनच तिथं जागा रिकामी आहे. आबान मिस्त्री या पारशी बाई तबला शिकल्या, वाजवल्या आणि त्यावर लिहिलंही, तेव्हा त्यांच्यापुढेही कुणाचा कित्ता नव्हता.

नांदेड, परभणी, धाराशिव इथं आकाशवाणी आहे. श्रेणीची परीक्षा द्या. कामं किती मिळतील हा भाग वेगळा. श्रेणीचं पत्र हातात असलं की बिदागी ठरवताना बोलता येतं. लातूरच्या दयानंद कला महाविद्यालयात संगीत शिकता येतं. रोज जाऊन येण्याचं अंतर आहे. घरचे संगणकाच्या कोर्सला बसचा पास काढून देतात, संगीताला देत नाहीत, तिथं भांडा.

एक काम असं आहे की ज्याला गाणं येणारीच लागते, आणि ते झपाट्याने हातातून चाललं आहे. जात्यावरच्या ओव्या. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉयटवॉं यांनी कार्यकर्त्यांसह गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या दलित वस्तीतल्या बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्याही त्यात आहेत. शब्द लिहून घेता येतात कुणालाही. पण चाल, तिचे स्वर, कुठे दम घेतला, कुठे दुसरीने ओवी उचलली, हे टिपायला स्वरलिपी येणारी लागते. तुम्हाला परीक्षेसाठी स्वरलिपी घोटावी लागली ना? तिचा उपयोग इथं आहे. आपल्या तालुक्यातल्या सत्तरीपुढच्या बायका गाठा. मोबाईलवर ध्वनिमुद्रण करा, त्यांची परवानगी घेऊन, त्यांच्या नावासकट. पुढे त्यातून कार्यक्रम बसवता येतो, महाविद्यालयांत व्याख्यान देता येतं, संशोधन करता येतं. मात्र त्यातून पैसा आला तर ओवी सांगणाऱ्या आजीचा वाटा काढायचा. नाहीतर आपणही त्या बिदागी बुडवणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसू.

आता थोडं धोक्यांबद्दल. कामं वाढवा म्हणताना मी तुम्हाला घाण्याला जुंपत नाही. सकाळी स्वयंपाक, दुपारी शाळेत तास, संध्याकाळी क्लास, रात्री भजन, आणि स्वतःचा रियाज कधीच नाही, असं झालं तर दोन वर्षांत गळ्यात शिकवण्यापुरतेच स्वर उरतात. मग चार कामांतली दोन सोडा. आणि घरातली कामं वाटून घ्या. बाईने पहाटे तानपुरा लावायचा तर चहा दुसऱ्या कुणीतरी ठेवायला हवा, याला दुसरा मार्ग नाही. पैसा स्वतःच्या खात्यावर घ्या. फी नवरा गोळा करतो, बिदागी भाऊ ठरवतो, ही व्यवस्था मी फार घरांत पाहिली आहे.

गुरूच्या घरी होणाऱ्या त्रासाबद्दल कुजबुजीत बोललं जातं. मोठ्याने बोला. २०२० साली भोपाळच्या एका नामवंत धृपद संस्थेतल्या शिष्यांनी गुरूंवर लैंगिक छळाचे आरोप केले, तेव्हा सगळ्या देशात हा विषय उघड झाला. गुरू देव आहे असं शिकवलं की तक्रार करणं हे पाप ठरतं. २०१३ चा कायदा क्लासलाही लागू होतो. दहापेक्षा कमी माणसं काम करत असतील तिथली तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. लातूरला ती समिती कुठं बसते, हे प्रत्येक गटाच्या वहीत लिहिलेलं असू द्या. शिकायला येणारी मुलगी लहान असेल तर पोक्सोचा कायदा आहे.

कागद जपा. ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. राज्य सरकारची वृद्ध कलावंतांना मानधन देण्याची योजना आहे. त्याला कलेचे पुरावे लागतात. पुरुष कलावंत पत्रिका, कात्रणं, प्रशस्तिपत्रं काढून ठेवतो. तीस-चाळीस वर्षं भजनात, भारुडात गायलेल्या बायका येतात त्या रिकाम्या हाताने. पत्रिकेवर नाव छापलं होतं 'महिला भजनी मंडळ'. तिचं नाव कुठं नाहीच. म्हणून आजपासून पत्रिकेवर प्रत्येकीचं नाव आडनावासह छापायला लावा, आणि एक प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पेटीत ठेवा. तसंच, कुणी गाणं ध्वनिमुद्रित करून इंटरनेटवर टाकतो म्हणाला तर त्याने पुढे केलेल्या कागदावर न वाचता सही करू नका. १९९४ च्या दुरुस्तीपासून कॉपीराइट कायद्यात सादर करणाऱ्या कलावंताचा स्वतंत्र हक्क मानला आहे. लिहून घेतल्याशिवाय तो सोडायचा नाही.

शेवटी कार्यकर्त्या मैत्रिणींशी बोलते. आपल्या चळवळीचं गाण्यावाचून पान हललेलं नाही. स्त्री मुक्ती संघटनेचं 'मुलगी झाली हो' १९८३ साली आलं, ते गावोगाव पोचलं ते त्यातल्या गाण्यांमुळे. आठ मार्च असो, हुंडाविरोधी मोर्चा असो, आधी गाणं. पण आपल्या कार्यक्रमाच्या अंदाजपत्रकात मंडप असतो, माइक असतो, चहा-नाश्ता असतो, वक्त्यांचा प्रवासखर्च असतो. गाणारीचं मानधन मात्र नसतं. माइकवाला पुरुष पैसे घेऊन जातो आणि त्या माइकवर गाणारी बाई 'आपलीच आहे' म्हणून हात हलवत घरी जाते. किमान वेतनासाठी मोर्चा काढणाऱ्या संघटनांनी हे करावं? आमच्या संस्थेच्या बैठकीत मी हे प्रत्येक वेळी काढते. "ताई, तुमचं आपलं भलतंच असतं," असं ऐकून घेते आणि पुन्हा काढते. या वर्षी पहिल्यांदा अंदाजपत्रकात ती ओळ आली आहे. रक्कम थोडी आहे, पण आली आहे.

माझं बोलणं इथं थांबवते, कारण पुढचं मला एकटीला ठरवता येणार नाही. या तालुक्यात गाण्याच्या क्लासला महिन्याला किती घ्यायचे, कीर्तनाच्या साथीला रात्रीचे किती, आणि संस्थांच्या कार्यक्रमात दोन गाण्यांचे किती, हे आज आपण मिळून ठरवायचं आहे. खाली दर कुणी घ्यायचा नाही, निदान एकमेकींना न सांगता घ्यायचा नाही. फळा इकडे आणा. मागे भिंतीला टेकून बसलेल्या मावशींपासून सुरू करू. त्या किती वर्षं गातात आणि आजवर त्यांना एका रात्रीचे जास्तीत जास्त किती मिळाले, ते आधी लिहून घेऊ.